टकटक्याची ट्रॉली

१५ एप्रिल १९८६

बायका उतरवल्या! जयंतीच्या मिरवणुकीत, भर चौकात, बाबासाहेबांच्या फोटोसमोर, भजनाच्या बायका ट्रॉलीतून खाली उतरवल्या माह्या नवऱ्यानं. शेजारच्या रुखमाबाईच्या हातात झांजा तशाच. ह्यानं ट्रॅक्टर थांबवला, वाकून ट्रॉलीच्या पोटाखाली पाह्यलं अन् म्हणते कसा, "पाटे दबले. लोड जास्त झाला. चार जणी उतरा." लोड! रुखमाबाई काय धानाचं पोतं आहे?

स्प्रिंगच्या पाट्याजवळ पांढऱ्या रंगाची एक खूण करून ठेवली आहे त्यानं. वजनानं पाटा त्या खुणेले टेकला का ह्याची ट्रॉली भरली. मग समोर सरपंच उभा राहो का माहा बाप, हा एक माणूस वर घेत नाई. रुखमाबाई उतरली, पदर खोचला, अन् बाकीच्या मिरवणुकीत पायी गायली. माह्याकडे तिनं पाह्यलंही नाई.

सारं गाव ह्याले टकटक्या म्हणते. देवाजी नाव आहे हे लोकं विसरले. सकाळी उठला का तोंड धुवायच्या आधी हातोडी घेऊन ट्रॉलीच्या टायरले टकटक करते. मान वाकडी करून आवाज ऐकते. हवा बरोबर असली का टणक आवाज येते म्हणे. नऊ वर्षं झाले लग्नाले, माहं बोलणं कधी असं मान वाकडी करून ऐकलं नाई.

अन् मी येडी! परवा दिवसभर उन्हात बसून जयंतीसाठी दोन्ही चाकांच्या रिमा निळ्या रंगवल्या. उठताना तोल गेला, रंगाचा हात एका टायरवर टेकला, पाचही बोटं उमटली. तर छान केलं नाई, का कंबर दुखते का नाई. म्हणते, "टायरले रंग लागला. आता रॉकेलनं पुसू नको, रबर खराब होते." एवढंच बोलला. रबराची काळजी.

१८ एप्रिल

आज पुन्हा टकटक. कोंबड्याच्या आधी.

२१ एप्रिल

गावातल्या श्रीहरीभाऊचं धान आरमोरीच्या मिलमध्ये न्यायचं होतं. हे गेले, निम्मी पोती भरली, वाकून खूण पाह्यली, अन् झालं. "बाकीचं दुसऱ्या खेपेले." श्रीहरीभाऊ म्हणाला, अरे देवाजी, सडक आहे, काही डोंगर चढायचा नाई. ऐकते कोण? शेवटी त्यानं भरलेली पोतीसुद्धा उतरवून घेतली अन् खुशालले बोलावलं.

खुशाल माहा धाकटा भाऊ. माहेर काही दूर नाई, मधात एकच गाव. त्याचीही ट्रॉली आहे, पण माणूस पाहा! चारी बाजूनं बांबू बांधून ट्रॉलीच्या भिंती उंच केल्या, सारं धान एका खेपेत नेलं. वर गडी बसवले ते वेगळे. गाणं म्हणत गेला अन् गाणं म्हणत आला.

डोकं आहे त्याले. गेल्या महिन्यात जंगलातून बांबू आणताना त्याची ट्यूब फाटली. मधात ना दुकान ना काही. दुसरा असता तर तिथीच बसून रडला असता. खुशालनं जवळच्या गावातून धानाची वाळकी तणीस मागून आणली, टायरात ठासून ठासून भरली अन् आला घरी! अजून तोच टायर चालू आहे. बाहेरून पाह्यला तर कोणी म्हणेल काय का आत धानाची तणीस आहे?

रात्री जेवताना हे सांगितलं. टकटक्याचा घास हातातच राह्यला. "तणीस? अजून? आतल्या आत घासून पेटते ती. लोड असला का लवकर पेटते." पेटते म्हणे. घरोघरी तणसीचे ढीग आहेत, अख्खा जिल्हा पेटला पाह्यजे मग. भित्र्याले सगळीकडे जाळच दिसते.

२९ एप्रिल

दोन दिवस ताप. रुखमाबाईनं येऊन पेज करून दिली, मिरवणुकीचं मनात न ठेवता. ती चांगली आहे.

दुपारी हा आरमोरीवरून आला. दारातूनच विचारलं, "गोळी घेतली?" घेतली म्हटलं. गेला. खाटेवरून आंगण दिसते. मी पाहून राह्यली होती — दोन्ही टायरवर उलटा हात ठेवून पाहत होता. आधी एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. टायर तापले का ते पाहते रोज. लेकराचा पाहावा तसा.

माह्या कपाळाले त्याचा हात लागला नाई. मले रडू आलं अन् त्याचाच राग आला. ह्याच्या घरी लेकरू नाई, बायको नाई, ट्रॉली आहे.

४ मे

लाज गेली आज. बापाच्या घरी, चार लोकांत.

इंदूचं लग्न बुद्धपौर्णिमेले. इंदू आम्हा भावंडांत शेवटची. लग्न नवरदेवाकडे, चामोर्शीले, कारण त्याची आजी खाटेवर आहे अन् तिले नातवाचं लग्न डोळ्यानं पाहायचं आहे. म्हणून आमची मंडळी तिकडे न्यायची. ते ठरवायले आज बाबांनी सगळ्यांना बोलावलं. नवरदेवाचे काका पण आले होते. मोठे जावई म्हणून ह्यांना गादीवर बसवलं, पाठीले लोड दिला. पहिला चहा ह्यांना दिला.

बाबा म्हणाले, दोन ट्रॉल्या आहेत घरच्या, काही काळजी नाई. इथपर्यंत ठीक. तेवढ्यात टकटक्या उठला. चहा तसाच. बाहेर खुशालची ट्रॉली उभी होती, तिच्या टायरवर दगड मारून पाह्यला. भद्द आवाज आला. मग खाली बसला, टायरले जिथं चीर गेली आहे तिथं दोन बोटं घातली, अन् आतली तणीस उपसून मूठभर घेऊन आला. बाबांच्या पुढ्यात सतरंजीवर ठेवली. नवरदेवाच्या काकाच्या डोळ्यासमोर! म्हणते, "ही पाहा टायरातली हवा. अन् दुसरा टायर तर गोट्यासारखा गुळगुळीत झाला आहे. ह्या गाडीवर पोरीची मंडळी नेता का तुमी?"

काका छताकडे पाहत बसले. बाबांचा चेहरा मले पाहावला नाई.

खुशाल मात्र दबला नाई. "भाऊजी, तुमच्या टायरात हवा फुल आहे, म्हणून डोक्यातली संपली." लोकं हसले. मी पण हसली. हो, हसली!

मग ह्यांचा हिशोब सुरू. माह्या ट्रॉलीत एवढे, खुशालच्या ट्रॉलीत टायर बदलले तर एवढे, बाकीचे यष्टीनं. बाबा थंडपणे म्हणाले, "जावईबापू, लग्न आमच्या पोरीचं आहे, तुमच्या ट्रॉलीचं नाई. राहू द्या तुमची ट्रॉली. खुशाल सगळ्यांना नेईल."

"न्या. पण माही बायको त्या गाडीत बसणार नाई."

सगळे माह्याकडे पाहायले लागले. मी म्हटलं, "मी बसणार. सगळ्यात आधी मी बसणार." आईनं माहा हात दाबला, मी काढून घेतला.

५ मे

सकाळी ह्यानं यष्टीची गोष्ट काढली. "आपण दोघं यष्टीनं जाऊ." मी म्हटलं, सख्ख्या बहिणीच्या लग्नात माहेरच्या बायका गाणे म्हणत ट्रॉलीतून जातील अन् मी खिडकीत बसून तिकीट दाखवू काय? हा हातोडी पुसत बसला. मग मी म्हटलं, "एवढाच जीव तुटते तर तुमचे टायर द्या ना खुशालले. तुमचे तर सोन्याचे आहेत."

तेव्हा बोलला. "तो साठ-सत्तर माणसं भरणार. ओव्हरलोड गाडीले मी माह्या ट्रॉलीची खीळसुद्धा देणार नाई. कोणाचीही असो."

तोंडावर सांगितलं. कोणाचीही असो. खीळसुद्धा नाई. बायको बसणार आहे हे माहीत असून! मले वाटलं होतं का निदान ह्याले माही काळजी आहे, म्हणून बसू नको म्हणते. काळजी कसली. नियम आहे त्याचा. नियमासाठी बायको मेली तरी चालते.

११ मे

बोलणं बंद. तो हातोडीशी बोलते, मी चुलीशी.

१७ मे

इंदूसाठी गोधडी शिवून पूर्ण झाली. रुखमाबाई टाका घालता घालता म्हणाली, "बाई, दोन ट्रॉल्या असत्या तर ऐसपैस गेलो असतो. तुहा माणूस एवढा हट्टी काऊन गं?" मी म्हटलं, तुमीच विचारा, मले तर दिवसाले दोन शब्दही मिळत नाई.

तिले सांगितलं नाई, कोणालेच नाई, इथीच लिहिते. लग्न झालं का मी परत येणार नाई. माहेरी उतरेन अन् माहेरीच राहीन. पेटीत लग्नाच्या नावानं चार लुगडी जास्तीची ठेवली. बुद्धवंदनेचं पुस्तक ठेवलं. आईनं दिलेला पितळेचा डबा ठेवला. त्याले काही समजलं नाई. पेटीचं वजन वाढलं तर ट्रॉलीच्या पाट्यावरून समजलं असतं कदाचित!

ठरवल्यावर हलकं वाटलं. दुपारी चांगली झोप लागली.

२२ मे

उद्या लग्न. आजचा दिवस कसा गेला ते लिहून ठेवते, म्हणजे पुढं कधी कीव आली तर वाचता येईल.

दुपारी जेवण झालं तसा हा ट्रॅक्टर-ट्रॉली काढून कुठी तरी गेला. सांगून नाई, विचारून नाई. ह्याच्या सासऱ्याच्या घरचं लग्न उद्यावर, घरात सामान बांधायचं पडलं, अन् हा गायब. दिवेलागणीले आला. कोपरापर्यंत हात काळे. सदऱ्याची बाही चिखलानं भरलेली. मी म्हटलं काही काम काढून बसला असेल कुठी, नाईतर टायरले आंघोळ घालत असेल.

अन् ट्रॉली रोज आंगणात उभी राहते, सगळ्यांना दिसावी अशी. आज गोठ्याच्या मागं नेऊन लपवली, वरून ताडपत्री चाकापर्यंत ओढली. काय तर म्हणे ऊन लागते. सूर्य बुडाल्यावर! मले समजते सगळं. उद्या ऐनवेळी बाबांनी निरोप पाठवला, जावईबापू घेऊन या ट्रॉली, तर देता येऊ नये म्हणून लपवली. एवढा हलका माणूस.

जेवताना म्हणाला, "मधात बस उद्या. कडेले बसू नको. अन् मागच्या फळीले टेकू नको."

मी ताट उचललं. नऊ वर्षांतला माह्या हातचा शेवटचा भात खाऊन तो हात धुवायले गेला, अन् राखेनं घासून घासून हात धूत बसला. काळं निघत नव्हतं.

२४ मे, सकाळ, चामोर्शी

झालं लग्न! इंदू पांढऱ्या लुगड्यात एवढी चांगली दिसत होती का मले पाहत राहावं वाटलं. त्रिशरण-पंचशील झालं, आजीले खाटेसकट मांडवात आणलं होतं. म्हातारी हसली, इंदूच्या तोंडावरून हात फिरवला. सगळे रडले, पण बरं वाटलं.

सगळे होते. एक जावई सोडून. काकानं दोनदा विचारलं, मोठे जावई दिसत नाई. बाबा म्हणाले, तब्येत बरी नाई. बापाले माह्यापायी खोटं बोलावं लागलं, तेही बुद्धपौर्णिमेले.

आता काल येतानाचं. अंधारातच निघालो, ऊन चढायच्या आधी गडचिरोली गाठायची होती. मी पायी माहेरी आली तर ट्रॉली आधीच भरली होती. खुशालनं आंब्याच्या डहाळ्या अन् निळ्या पताका लावल्या होत्या. साठ नाई, सत्तर असतील, वर गाद्या, पातेले, तांदूळ. मी मधात बसणार नव्हती, मुद्दाम कडेले बसली. मागच्या फळीले टेकून. गाणे सुरू झाले.

माहेरच्या गावाबाहेरच्या नाल्यावर पूल नाई, पाण्यालगतचा ठेंगणा रपटा आहे, अन् तो एका बाजूनं खचला आहे. तिथं समोरून बैलबंडी आली. खुशालनं ट्रॅक्टर कडेले दाबला अन् ट्रॉलीचं एक चाक रपट्यावरून घसरून खाली दगडावर आदळलं. असा आवाज झाला! ट्रॉली कलली. पातेले गडगडले, बायका एकमेकींवर पडल्या, माही पाठ फळीले लागली अन् फळीच्या मागं काहीच नाई, खाली नुसते दगड. इंदूनं माहा हात पकडला होता. तिचे नखं रुतले, अजून खुणा आहेत. "टायर फुटला, टायर फुटला," कोणी तरी ओरडलं. तेवढी एक घडी मले वाटलं का संपलं. इंदूचं लग्नाच्या दिवशीच संपलं.

नाई फुटला! टायर दबला, उसळला, खुशालनं जोर लावला अन् ट्रॉली पुन्हा रपट्यावर आली. सगळ्यांनी जयभीम केला. रुखमाबाई रडता रडता हसायले लागली.

खुशाल उतरला, चाकाभोवती फिरला, टायरवर थाप मारली. लोकं म्हणाले, वा रे पठ्ठ्या, काय मजबूत टायर आहे. त्यानं माह्याकडे पाह्यलं अन् लगेच नजर फिरवली. आपली तारीफ ऐकायची लाज वाटते त्याले. नाई तर एक आमचा, हवा भरली तरी गावभर सांगते.

तवाच मनात म्हटलं, पाहा टकटक्या! सत्तर माणसं, खचलेला रपटा, दगडावर चाक, अन् काही झालं नाई. ना पेटलं, ना फुटलं. तुही हातोडी अन् तुही पांढरी खूण घेऊन बस गोठ्याच्या मागं.

दुपारी परत निघायचं आहे. मी माहेरी उतरेन. आईले आज सांगेन.

२५ मे

घरी आली. माह्या घरी.

काल परत येताना खुशालनं त्याच नाल्यात ट्रॉली उभी केली, टायर थंड करायले. आम्ही बायका पाण्यात पाय धूत होतो. चाकांवर वाळलेला चिखल होता, तो भिजून सुटायले लागला. खालून निळा रंग निघाला. मी पाहत राह्यली. मग टायरवरचा सुटला. पाच बोटं. माही.

खुशालले विचारलं. त्यानं मान खाली घातली. "आदल्या दिवशी भाऊजी आले होते वावरात. आपली दोन्ही चाकं काढून माह्या ट्रॉलीले लावली, माही घेऊन गेले. निळं दिसू नये म्हणून त्यायनच चिखल फासला. म्हणाले, तिले सांगू नको, समजलं तर रागानं बसणार नाई, बहिणीचं लग्न राहून जाईल. मी म्हटलं, तुमी पण चला ना. तर म्हणाले, मी बसलो का एक जण वाढते."

मी टायरवर उलटा हात ठेवून पाह्यला. तापला होता. सगळे चढायले लागले तशी मी म्हटलं, निम्मे जण पायी चला, आता गाव किती दूर आहे. रुखमाबाई म्हणाली, "कमले, तू पण?" मी चढलीच नाई. माहेरही ओलांडलं, तशीच चालत आली. पेटी ट्रॉलीतच राह्यली.

गोठ्याच्या मागं आमची ट्रॉली लाकडाच्या ओंडक्यांवर उभी. खुशालची चाकं भिंतीले टेकवलेली, तणसीच्या टायरात कोंबडी बसलेली. हे तिथंच होते.

"चाकं?" म्हणाले.

"खुशाल उद्या आणते."

"अन् तू उन्हात चालत आली?"

मी हो म्हटलं. ते जवळ आले, उलटा हात माह्या कपाळावर ठेवला, अन् मान वाकडी करून उभे राह्यले. मी हलली नाई.